माझा बाण सगळ्यात लांब

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. विजयानंतर लोक विचारतीलच की हे कसं जमवलंत, तेव्हा तारखा हाताशी असाव्यात.

पार्श्वभूमी. पाणीपुरवठ्याच्या आमच्या ऑफिसात वरच्या मजल्यावरची एक खोली नव्या कॉम्प्युटरांसाठी रिकामी करायची आहे. म्हणजे तक्रार विभाग (आम्ही, प्रमुख मी) किंवा बिल विभाग (ते), यांपैकी एकाला तळघरात जावं लागणार. तळघरात खिडकी नाही. पंप आहे, तो दिवसभर घरघरतो. दोन्ही विभागांनी साहेबांचं इतकं डोकं खाल्लं की आज ते वैतागून म्हणाले, बावीस तारखेला ऑफिसचे खेळ आहेत, त्यात तुमची रस्सीखेच लावा, जो हरेल तो खाली जाईल, आणि यापुढे या विषयावर मला एकही कागद पाठवू नका.

बिल विभागात रोडरोलर आहे. त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. आमच्याकडे मी, टायपिस्टबाई, टेलिफोनवर बसणारी मुलगी, शिपाई आणि दोन कारकून, जे एकमेकांशी बोलत नाहीत.

बाईंचा चेहरा उतरला. खिडकीत त्यांच्या कुंड्या आहेत. म्हणाल्या, घरी समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते, झाडं जगत नाहीत, जी काय हिरवळ ती इथेच. पुढच्या वर्षी रिटायर होईपर्यंत तरी राहू द्या. मी त्यांना शब्द दिला. म्हटलं, एक कुंडी हलणार नाही, शास्त्र आपल्या बाजूने आहे.

कोणतं शास्त्र, हे घरी येताना ठरवलं. फिजिक्स. लेक अकरावीत आहे, पुस्तक घरातच आहे. संकल्प: रोज एक धडा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला धडा मोजमापं आणि एककं. वगळला. मोजमाप मला येतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुसरा धडाही तसा तयारीचाच होता. सरळ न्यूटनच्या नियमांवर आलो. पहिला नियम: बाहेरून कुणी बल लावल्याशिवाय वस्तू जागची हलत नाही. हे मला आमच्या विभागातल्या फायलींवरून माहीत होतं. पुस्तकाबद्दल विश्वास वाटू लागला.

दुसऱ्या नियमात गणितं आहेत. नंतर बघू.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा नियम वाचला आणि खुर्चीतून उठलोच. क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्या असतात! म्हणजे आम्ही त्यांना जेवढ्या जोराने ओढू, तेवढ्याच जोराने ते आम्हाला ओढणार. रोडरोलर असो नाहीतर नसो. याचा अर्थ रस्सीखेचीत कुणी जिंकूच शकत नाही. सामना बरोबरीत सुटणार, बरोबरी म्हणजे जैसे थे, जैसे थे म्हणजे खिडकी आमची.

विभागाला सांगितलं, सरावाची गरज नाही. दोन्ही कारकुनांनी एकाच वेळी मान डोलावली. त्यांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मग आजवर कुणीच कसं जिंकलं? दोन बलं दोन वेगळ्या माणसांवर असतात, ती एकमेकांना खोडत नाहीत. खरा खेळ पायाखाली असतो. आमच्या विभागात अशा मुद्द्याला उत्तर ठरलेलं आहे. ते दिलं: मुद्दा विचाराधीन आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

मुद्द्यावर विचार झाला. मुलीचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

तिने एक चित्र काढून दाखवलं. फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. त्यात माणूस म्हणजे नुसता चौकोन. त्यावर बलांचे बाण. जेवढं बल मोठं, तेवढा बाण लांब. मी म्हटलं, चौकोन काढलास ते चालेल, पण माझा बाण इतरांएवढाच का? मी विभागप्रमुख आहे. तिने निमूटपणे खोडून लांब काढला. कागदात मावेना, तेव्हा दुसरा कागद जोडला. चित्र आता ऑफिसात माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवणार आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

सराव सुरू. दोरीचं एक टोक अंगणातल्या खांबाला बांधलं, दुसरं आम्ही धरलं. अर्धा तास ओढलं. तिसऱ्या नियमाप्रमाणे खांबाने आम्हाला तितक्याच जोराने ओढलं असणार. खांब दमला नाही. आम्ही दमलो.

टेलिफोनवाली म्हणाली, खांबाला आपल्या विभागात घ्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा धडा घर्षण, आणि सगळं गुपित इथेच आहे. पाय घसरला नाही तर माणूस हलत नाही. घर्षण दोनच गोष्टींवर अवलंबून: पायाखालचा पृष्ठभाग कसा आहे आणि वजन किती. तळव्याच्या आकाराचा काही संबंध नाही. हे शिपायाला लगेच सांगितलं, कारण त्याला आपल्या पावलांच्या मापाचा उगाच अभिमान आहे. त्याला ते लागलं. शास्त्रापुढे माझा नाइलाज आहे.

निष्कर्ष: वजन वाढवायचं. सर्वांना आदेश: केळी, बटाटे, दूध, दुपारी झोप. बायको म्हणाली, तुमचं शास्त्र मला लग्न झाल्यापासून दिसतंय. तिचा विज्ञानाकडे कल नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वजनं केली. बाईंचं होतं तेवढंच. टेलिफोनवालीचं कमी झालं (ती खांब ओढायला रोज जाते). कारकून आपापली वजनं एकमेकांसमोर सांगायला तयार नाहीत. फक्त माझं अडीच किलो वाढलं. नेतृत्व म्हणतात ते हेच.

पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज व्हरांड्यात सराव. अर्धे अर्धे झालो. फरशी नुकतीच पुसली होती, हे कुणी सांगितलं नाही. माझं वजन सर्वांत जास्त, त्यामुळे घर्षण सर्वांत जास्त, त्यामुळे मी घसरणं अशक्य होतं. पण घसरलो. फरशी पुसणाऱ्या बाईंविरुद्ध तक्रार लिहिली. मग लक्षात आलं की ती माझ्याच टेबलावर येणार. विचाराधीन ठेवली.

कंबर दुखते आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

झोपून असल्यामुळे चिंतनाला वेळ मिळाला, आणि जे सुचलं ते अजून कुणाला सुचलेलं नसावं.

इतकी वर्षं मी तक्रारी ऐकतो आहे. माणूस दात-ओठ खात येतो, आरडाओरडा करतो. नवखा कर्मचारी वाद घालतो, आणि फसतो. मी काय करतो? ढील देतो. म्हणतो, साहेब, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पूर्ण ताकदीने ओढणाऱ्या माणसाच्या समोरचा जोरच नाहीसा झाला की त्याचा तोल जातो. तो थोडा वेळ उभा राहतो, मग विचारतो, पाणी मिळेल का प्यायला?

हाच तर पहिला नियम! जडत्व! रोडरोलर आणि मंडळी जिवाच्या आकांताने मागे ओढत असतील. मी शिट्टी वाजवीन. आम्ही सगळे एकदम दोरी सोडू. ते धाडकन पाठीवर पडतील. मग आम्ही दोरी पकडायची आणि आरामात ओढायची.

किती सोपं. कंबर दुखायची थांबली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

योजना आकड्यांनी तपासली. दुसऱ्या नियमातली गणितं शेवटी उपयोगी पडली. उत्तर आलं की आम्ही सोडताच रोडरोलर सेकंदाला नऊशे मीटर वेगाने मागे जाईल. काळजी वाटली. मागे सायकल स्टँड आहे.

लेक म्हणाली, बाबा, तुम्ही त्याचा जोर काढताना वजन ग्रॅममध्ये घेतलंय. पहिल्या धड्यात होतं ते. असेल. पण दिशा बरोबर आली होती, हे तिला मान्य करावं लागलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

घरी प्रयोग. टॉवेलचं एक टोक माझ्या हातात, दुसरं लेकीच्या. मी जीव खाऊन ओढलं. तिला सांगितल्याप्रमाणे तिने मधेच सोडलं. मी चपलांच्या रॅकवर जाऊन पडलो. प्रयोग शंभर टक्के यशस्वी! पडतानाही टॉवेल माझ्या हातातून सुटला नाही, यावरून पकड किती मजबूत आहे तेही कळलं.

लेक माझ्या हातातल्या टॉवेलकडे बघत म्हणाली, पण बाबा... मी म्हटलं, शंका शनिवारनंतर. मोठी योजना शंकांनीच बिघडते.

बायकोने रॅकचं विचारलं. ढील दिली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नवी शिट्टी आणली. विभागाला योजना सांगितली. शिपाई खूश. कारकून, एक हसला म्हणून दुसरा गंभीर झाला. टेलिफोनवाली म्हणाली, तुम्ही प्रमुख आहात.

बाईंनी विचारलं, सोडायची म्हणजे अगदीच सोडायची का? म्हटलं, बाई, क्षणभरच. विश्वास ठेवा. त्या उठून कुंड्यांतली सुकलेली पानं काढत बसल्या. एका कुंडीला कळी आहे, ती मला बोलावून दाखवली. जांभळी आहे. मी म्हटलं, उमलेल तेव्हा आपण सगळे इथेच असू. हे बोलताना मला स्वतःलाच भरून आलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपार

निकाल लिहायला हात होत नाही. तरी नोंद हवी.

सुरुवात उत्तम झाली. माती कोरडी होती, पाय रुतत होते. खरं सांगायचं तर पहिलं मिनिटभर आम्ही हललोच नाही. उलट दोरीची लाल चिंधी बोटभर आमच्याकडे सरकली. टेलिफोनवालीचा जोर पाहून मी चकित झालो. रोडरोलर लालबुंद झाला होता. साहेब चहा खाली ठेवून उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, तक्रारवाले जिंकतायत!

मी शिट्टी वाजवली.

माझा अंदाज तंतोतंत खरा ठरला. बिल विभाग जसाच्या तसा पाठीवर कोसळला. रोडरोलर सगळ्यात खाली. इतकं अचूक भाकीत पुस्तकातल्या एकाही उदाहरणात नाही. फक्त दोरी त्यांच्या हातात होती.

आणि दोरीच्या टोकाला बाई होत्या.

बाईंनी सोडली नाही. आम्ही पाचजण रिकामे हात पुढे करून उभे, आणि बाई एकट्या दोरी धरून, आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, फरफटत रेषेपलीकडे गेल्या. तिथे जाऊनही सोडत नव्हत्या. पडलेल्या रोडरोलरनेच उठून त्यांची बोटं एकेक करून सोडवली. तळहात सोलवटून निघाले होते.

मी त्यांना म्हटलं, बाई, शिट्टी झाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला फार वाईट वाटतंय. हे कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी जरा बरं वाटलं. विचार केला, निकालाविरुद्ध अपील करता येईल. ते सहा जण आडवे झाले, आम्ही पाच जण उभे होतो. जमिनीवर कोण पडलं? मुद्दा दमदार आहे. साहेबांना कागद नको आहे, पण आकृतीला कागद म्हणता येणार नाही.

लेकीला सांगितलं, शिट्टीनंतरच्या क्षणाची फ्री बॉडी डायग्राम काढून दे. नीट, मोजून. तिने पेन्सिल घेतली. चौकोन काढला. एका बाजूला सहा बाण. मग दुसऱ्या बाजूला एकच बाण, लहानसा.

मी विचारलं, हा कुणाचा? म्हणाली, बाईंचा.

मी विचारलं, आणि माझा?

ती म्हणाली, बाबा, दोरी हातात नसेल तर बाण कुठून काढू?

इतके दिवस प्रत्येक आकृती मला तिच्याकडून दोन-दोनदा समजून घ्यावी लागत होती. ही पहिल्याच नजरेत कळली. ती म्हणाली, अपील कधी देणार? म्हटलं, विचाराधीन आहे. मग म्हटलं, नाही, देणार नाही. तिने पेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि अभ्यासाला गेली. मी पेन्सिल उचलली नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तळघर. पंप. ट्यूबलाइट.

टेबलाची काच आणताना तिच्याखालची ती आकृती, जोडकागदासकट, काढून टाकली.

सकाळी रोडरोलर स्वतः खाली आला. चालताना कंबर धरत होता. बाईंना म्हणाला, ताई, कुंड्या तिथेच राहू द्या, खिडकी तुमचीच समजा, पाणी मी घालत जाईन, फक्त किती घालायचं ते सांगा. बाई हसल्या. त्याला कुठल्या झाडाला किती, सगळं सांगितलं. कळीचंही सांगितलं. शनिवारपासून आमच्यापैकी कुणाशी त्या हसल्या नव्हत्या.

त्यांच्या हातांना पट्ट्या आहेत, म्हणून त्यांची तुंबलेली पत्रं मी टाईप केली. दोन बोटांनी. पंपामुळे टाइपरायटरची ओळ संपल्याची घंटी ऐकू येत नाही, ओळी कागदाबाहेर जातात.

पाच वाजता बाई माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, बोलणार. मीही बोलायचं ठरवून ठेवलं होतं. त्यांनी पट्टी बांधलेला हात पुढे केला आणि म्हणाल्या, शिट्टी द्या.

दिली. त्यांनी ती आपल्या खणात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

मी तक्रार केली नाही.