पडण्याचा हिशेब

पुणे, ४ ऑगस्ट २०२५

ती. अण्णाकाका यांस,
अवंतिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्याइतकं मोठ्यानं मला बोलता येत नाही, म्हणून हा कागद. तुमच्या शुश्रूषा केंद्रात गेल्या वर्षी सेवा सुधारायला सरकारी पैसा आला. तो सार्थकी लागला का, हे तपासायचं काम नेमकं आमच्या कार्यालयाकडे आलंय. अडचण अशी, की तेव्हापासून तिथं म्हातारी माणसं जास्त पडू लागलीत. असंच दिसलं तर पैसा बंद करा, असं मला लिहावं लागेल. तोवर जपा. पलंगावरून एकटे उतरू नका.

शिव्या घातल्यात तरी चालेल, पण उत्तर पाठवा.
तुमची
अवंतिका


कोल्हापूर, ९ ऑगस्ट

चि. अवंतिकेस,
अण्णाचे पोटभर आशीर्वाद.

पडणं वाढलंय, खरं आहे. मीही पडलो. आधी इथं कुणी पडत नव्हतं, कारण कुणी उठतच नव्हतं! पलंगाचे कठडे वर, आत आम्ही. त्या पैशातून व्यायाम शिकवणारी मोना आली आणि तिनं कठडे उतरवले. पहिला धडा काय दिला असेल? गादीवर पडायचं कसं आणि पुन्हा उठायचं कसं. मला हसूच फुटलं. तालमीत वस्तादांनी तुझ्या बापाला आणि मला डाव शिकवायच्या आधी हेच शिकवलं होतं. दत्ता तांबड्या मातीत आपटला की खदाखदा हसायचा. मग कानात माती तशीच ठेवून आम्ही कट्ट्यावर दूध प्यायला जायचो.

शेजारचा पिराजी शिरोळचा. वर्षभर छताकडे बघत पडून होता, आता स्वतः संडासला जातो. परवा घसरला. मी सरसावलो तर माझ्यावरच खेकसला, की पावणं, हात लावू नगा, माझा मी उठतोय की! ते खेकसणं तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं?

दत्ताला शेवटी तुम्ही चांगल्या ठिकाणी ठेवलं होतं, दोष कुणाचाच नाही. पण तिथले लोक अभिमानानं सांगायचे, की काका एकदाही पडले नाहीत. पडून राहून पाठीला झालेली जखम मात्र बघवत नव्हती. आखाड्यातला गडी तो, अवंतिका! पडायचीसुद्धा मुभा नव्हती त्याला.

पैसा थांबला तर मोना जाईल आणि कठडे वर येतील. मला त्यांच्या आत मरायचं नाही.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
अण्णा


पुणे, २१ ऑगस्ट

ती. अण्णाकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, की ह्यांच्या कानातली माती लग्नानंतर मीही काढलीय.

मी माहिती पुन्हा मागवली. या वेळी पडण्याबरोबर चालणारे किती, पाठीला जखमा किती, हाडं किती मोडली, दवाखान्यात कितीजणांना न्यावं लागलं, तेही विचारलं. पडणं वाढलंय, पण चालणारेही वाढलेत, आणि जखमा नि मोडलेली हाडं कमी झालीत. दवाखान्याचा वाचलेला खर्च धरला तर मोना अजिबात महाग नाही. पैसा चालू ठेवा, असं अहवालात लिहिलंय. तुम्ही माझे काका आहात, हेही पहिल्याच पानावर. निर्णय वरचे घेतील.

रविवारी येतेय. खोलीत बसून वाट बघू नका, फाटकापर्यंत चालत या. वाटेत पडलात तर मी हात लावणार नाही. तुम्ही उठेपर्यंत शेजारी उभी राहीन.

दत्ताची लेक
अवंतिका