रिकाम्या टेबलावरच्या गाठी

३ तारीख, सोमवार
नव्या स्कॅन सेंटरमध्ये आज रुजू झाले. जागा छान आहे. भिंती स्वच्छ, चहा बरा, आणि माझ्या खुर्चीला चक्क दोन्ही हात आहेत. काम मात्र तेच, सोळा वर्षं करतेय ते. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, पेशंटला किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन द्यायचं, तासभर विश्रांतीच्या खोलीत निजवायचं, मग मशीनमध्ये सरकवायचं. आजारी गाठी ती साखर अधाशासारखी खातात आणि पडद्यावर काळे ठिपके होऊन उठतात. उपचारांनी ठिपके गेले की घरचे माझ्याकडे असे बघतात, जणू मीच खोडरबराने पुसले. रोज सकाळी आधी रिकामं टेबल स्कॅन करून मशीन तपासायचं असतं. ताईचा स्कॅनही इथेच होईल, म्हणून तर ही नोकरी धरली. तिच्या गळ्यात डाव्या बाजूला एक गाठ आहे. दोनदा औषधं बदलली, ती काही हलत नाही.

६ तारीख, गुरुवार
शिंपीकाका आले होते. मागच्या स्कॅनमध्ये उजव्या काखेत पाच गाठी होत्या. आज एकही नाही. माझ्या हाताला गुण आहे म्हणाले. गुण औषधाचा, मी नुसते फोटो काढते, असं मी सांगितलं. घरी हे ऐकून ताई म्हणाली, मग माझाही जरा बरा काढ. माझे पाय ठणकताहेत. न जेवताच पडले.

७ तारीख, शुक्रवार
सकाळी रिकाम्या टेबलावर पाच ठिपके. टेबल पुसलं, चादर बदलली, पुन्हा स्कॅन केला. पाचच. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, इंजेक्शनचा थेंब सांडला असेल, उद्यापर्यंत विरेल.

१२ तारीख, बुधवार
विरले नाहीत, वाढले. सोमवारी एका बाईंच्या जांघेतल्या गाठी गेल्या, काल एका प्राध्यापकांच्या छातीतल्या. दुसऱ्या सकाळी त्याच गाठी रिकाम्या टेबलावर, ज्या त्या जागी. कुणीतरी निजलंय असं दिसतं. नुसत्या गाठींचं. इंजिनिअर येऊन गेला, त्याला बिघाड सापडला नाही. मॅडमनी मला रजा घ्यायला सांगितलं. रजा घेतली तर ताईचा नंबर लांबेल.

१७ तारीख, सोमवार
शिंपीकाकांच्या सुनेचा फोन आला. काकांचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडलाय, कात्री धरवत नाही. बाकी तब्येत ठणठणीत. मग मी त्या बाईंच्या घरी फोन लावला. मुलीने उचलला. आईला उभंच राहता येत नाही, म्हणाली. प्राध्यापकांना लावायचा धीर झाला नाही.
टेबलावर निजलेल्या त्याला आता हात, पाय, छाती, सगळं आहे. फक्त गळ्याची डावी बाजू मोकळी.

१८ तारीख, मंगळवार
उद्या ताईचा स्कॅन. तिला सगळं सांगून टाकलं. तिने गळ्यावरची गाठ चाचपली. मग म्हणाली, "आवाज गेला तर गेला. चिठ्ठ्या लिहीन. जगू दे गं मला."
नाही म्हणायचंही त्राण नव्हतं माझ्यात.

१९ तारीख, बुधवार
गाठ गेली. ताई रडली, मग हसली. संध्याकाळी चहा मागायला तोंड उघडलं आणि— नुसते ओठ हलले. कागद घेऊन लिहिलं, चालेल.

२० तारीख, गुरुवार, सकाळ
टेबल रिकामं. खरंच रिकामं. तीनदा पाहिलं. हायसं वाटायला हवं होतं—

पहिला पेशंट अजून यायचाय. आज इंजेक्शन कुणालाच दिलेलं नाही. ताई घरी आहे, मीच कडी लावून आले. तरी विश्रांतीच्या खोलीपाशी किरणं मोजणारा मीटर वाजतोय. सारखा—

आतून हाक. ताईचा आवाज. माझं घरचं नाव.
म्हणतेय, किती दमलीस, ये, जरा आडवी हो, मी सरकते, तुला जागा—