बिनजमिनीचं घर

अ‍ॅनर्ली, ब्रिस्बेन
रविवार, ऑगस्टची तीन तारीख

ती. डुल्सीआत्यास,

केल्विनचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनाने. शरीराने घालायला या घरात जागा उरलेली नाही, सगळीकडे खोकी आहेत. खोक्यांविषयी पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? संत्र्यांची तोडणी आटोपत आली असेल. यंदा तुमच्या मंडबेऱ्याला थंडी कडक पडली असं रेडिओवर ऐकलं आणि ताबडतोब तुझी आठवण झाली. गेल्या नऊ वर्षांत थंडी नऊ वेळा पडली, मग मला आठवण याच वर्षी बरी झाली, असं तू म्हणशील. म्हण, तुझा हक्कच आहे. आम्ही इकडे मजेत आहोत, रॉझलिनही मजेत आहे. मला तुझ्याकडून काही म्हणजे काही नको आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुला उगाच धाकधूक नको.

हे पत्र मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभ्याने लिहितोय. बसलो की तीन मिनिटांत उठतो, खिडकीशी जातो, परत येतो, टेप काढून काहीतरी मोजतो. काल रात्री मी फ्रिज मोजला. फ्रिज मोजण्याचं काहीच कारण नव्हतं. झालंय असं की चौदा वर्षं आपलं समजून ज्या घरात राहिलो, ते घर आपलं नसून घरमालकिणीचं आहे, असं तिच्या लक्षात आलं. तिने एक गोड पत्र पाठवलं, खाली हसरा चेहरा काढला आणि ऑगस्टअखेर घर मोकळं करा म्हणून कळवलं. तिचा दोष नाही. या गल्लीतल्या घरांचे भाव ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. आम्ही आलो तेव्हा जेवढ्यात बागेसकट घर यायचं, तेवढ्यात आता गाडी ठेवायची शेड येते, तीसुद्धा शेजाऱ्याच्या गाडीसकट. नवं भाड्याचं घर बघायला गेलो तर फाटकाबाहेर साठ माणसं रांगेत, प्रत्येकाच्या हातात फाईल, एकाने तर आपल्या कुत्र्याचं शिफारसपत्र आणलं होतं. आमच्याकडे कुत्राही नाही.

आता माझी शनिवारची सवय तुला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. इथे शनिवारी सकाळी गल्लोगल्ली घरांचे लिलाव असतात. लिलाववाला रस्त्यात उभा राहून ओरडतो, शेजारीपाजारी कॉफीचे पेले घेऊन आपापल्या कुंपणावर रेलतात आणि शेजारचं घर केवढ्याला गेलं त्यावरून आपणही श्रीमंत झालो असं समजून घरात जातात. तीन वर्षं मी आणि रॉझलिन एकही शनिवार चुकवलेला नाही. घर घ्यायची ऐपत नव्हतीच. पण मी नाव नोंदवून नंबराची पाटी घ्यायचो आणि लिलाव सुरू झाला की सगळ्यांच्या आधी पहिली बोली ठोकायचो, अशी चिमुकली की लोकांनी हसावं. "चाळीस हजार!" लोक हसायचे, लिलाववाला म्हणायचा, "धन्यवाद साहेब, आता खरी बोली येऊ द्या," आणि घर दहाबारा लाख डॉलरला जायचं. मग सोमवारी बस डेपोत मी सांगायला मोकळा, की परवा टॅरिंगाच्या घरावर बोली लावली होती, थोडक्यात हुकलं. (आत्या, बावन्न वर्षांच्या बस ड्रायव्हरला एवढी चैन परवडते, तेवढी करू द्यावी.)

तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी आम्ही दोन गल्ल्या पलीकडच्या लिलावाला गेलो. घर काय सांगू! जुन्या पद्धतीचं, लाकडी, उंच खांबांवर उभं, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, निळा रंग, वर पत्रा. मी आत शिरलो तो बाहेरच येईना. टेबल कुठे, रॉझलिनचं शिवणाचं मशीन कुठे, सगळं मनात मांडून टाकलं. एवढं मात्र खटकलं, की त्या दिवशीची गर्दी नेहमीची नव्हती. एरवी बाबागाड्या ढकलणारी जोडपी असतात. हे सगळे दणकट बूट घातलेले पुरुष, पाचसहाच. एकही जण खिडकीतून बाहेर बघत नव्हता. सगळे घराखाली वाकून, टॉर्च मारून तुळया ठोकत होते आणि टेपने रुंदी मोजत होते. मला वाटलं, हल्ली पैसेवाले लोक स्वतः येत नाहीत, आपले सुतार पाठवतात. फाटकाला मोठा फलक होता, पण फलक मी वाचत नाही. तीन वर्षांत एवढे वाचलेत, की सगळ्यांवर 'दुर्मीळ संधी' लिहिलेलं असतं हे पाठ आहे. लिलाववाला अटी वाचत होता तेव्हा मी मागे अंगणात होतो, लिंबाचं झाड कुठे लावावं ते बघत. परत आलो, तोंडात आपसूकच आलं ते म्हणून टाकलं, "चाळीस हजार!"

कुणी हसलं नाही. बूटवाले सगळे एकदम वळले आणि माझ्याकडे असे बघू लागले, की मी आपली टोपी नीट केली. एकाने तर हळूच शीळ घातली. (त्यांच्यातला कुणीच वीस हजारांच्या वर जाणार नव्हता, हे मला नंतर कळलं.) लिलाववाल्याने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मी आपला वाट बघतोय, की आता कुणीतरी आठ लाख म्हणेल. कुणी म्हणेना. हातोडा पडला! ब्रिस्बेन शहरात, बस थांब्यापासून चार मिनिटांवर, चाळीस हजारांत घर! मी रॉझलिनला कडेवर उचलायला गेलो, कंबर धरली गेली. रॉझलिन काहीच बोलली नाही. बिचारीला धक्का बसला असेल.

सह्या झाल्यावर लिलाववाला माझा हात हलवत म्हणाला, "अभिनंदन! मग कधी नेताय?" मी म्हटलं, "काय?" तो म्हणाला, "घर." मी म्हटलं, "कुठे?" तो म्हणाला, "ते तुम्ही सांगायचं. तीस दिवसांत जागा मोकळी हवी, इथे बारा फ्लॅट व्हायचेत." मग मी फाटकाशी जाऊन तो फलक वाचला. हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, की विक्री फक्त घराची आहे, जमीन यात नाही, उचलून न्यावे. आत्या, आयुष्यभर उचललेली घरं ट्रकवरून जाताना बघणारा माणूस मी. माझ्याच बसला अशा अर्ध्या घराने इप्स्विच रस्त्यावर वीस मिनिटं अडवलं होतं आणि मी हॉर्न वाजवून शिव्या दिल्या होत्या.

त्या दिवसापासून मी जमीन शोधतोय. सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची आणि पश्चिमेला जात राहायचं. अ‍ॅनर्लीत विचारलं तर नुसत्या मातीचे नऊ लाख. घर नव्हे, माती! लोगनला सहा. इप्स्विचला थोडं कमी, पण तिथल्या माणसाने सांगितलं की घाई करा, ब्रिस्बेनवाले येऊन भाव चढवतात. मी ब्रिस्बेनवाला आहे हे त्याला सांगायचं धाडस झालं नाही. पुढे दर पेट्रोल पंपागणिक भाव उतरत गेला आणि माझ्या जीवात जीव येत गेला. सिडनीला रॉझलिनच्या बहिणीचा नवरा आहे, त्याला फोनवर रडगाणं ऐकवलं, तर तो म्हणतो, "नऊ लाखांत तुमच्याकडे अख्खी जमीन मिळते?" आणि त्याने तिथल्या तिथे ब्रिस्बेनला यायचं ठरवलं. म्हणजे सिडनीकरांना आम्ही स्वस्त, आम्हांला तुम्ही स्वस्त. तुम्हांला कोण स्वस्त ते मी नकाशात बघितलं, तुमच्या पलीकडे नुसती गुरं आहेत. मला एवढं मात्र आता पक्कं कळलंय, की फळ्या, खिळे आणि पत्रा सगळीकडे जवळजवळ एकाच भावाने मिळतो. माणूस जन्मभर झिजतो तो खालच्या मातीपायी.

दरम्यान घर उचलून झालं. एरल नावाचा घरं हलवणारा आहे, पिंपासारखा माणूस, काम मात्र घड्याळजीसारखं नाजूक. तो म्हणाला, "उचलायला मला एक सकाळ लागते, दोस्ता. टेकवायचं कुठे ते सांग." पुलावरून जाणार नाही म्हणून त्याने ते मधोमध कापलं. करवत फिरत होती तेव्हा मी उभा राहून बघितलं आणि खरं सांगतो, मला रडू आलं. आता दोन्ही अर्धी त्याच्या कबूलचरच्या आवारात उभी आहेत. न्हाणीघर एका अर्ध्यात आहे, त्याचं दार दुसऱ्या अर्ध्यात. मी ड्यूटी संपली की जातो, एका अर्ध्याच्या व्हरांड्यात उभा राहतो, मग दुसऱ्यात जातो. एरलचा कुत्रा आता माझ्यावर भुंकतसुद्धा नाही.

तर असं आहे सगळं. तू म्हणशील, बरं झालं. नऊ वर्षांपूर्वीच्या ख्रिसमसला तू मला तुझ्या बाजूचा जमिनीचा तुकडा नाममात्र किमतीला देऊ केला होतास आणि मी डोक्यावर कागदी मुकुट घालून, सगळ्यांसमोर म्हणालो होतो, की आत्या, वर पगार दिलास तरी मी अशा गावात राहणार नाही, जिथे ट्रक धुतला तर बघायला गर्दी जमते. सगळे हसले. तू माझ्या पुढ्यातलं पुडिंग अर्धं खाल्लेलं उचलून नेलंस आणि तेव्हापासून ख्रिसमसची शुभेच्छापत्रं येतात ती फक्त रॉझलिनच्या नावाने. मी ते सहज आठवलं म्हणून लिहिलं. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही. गुडघ्याला जप. संत्रीवाल्यांना सगळ्यांना माझा नमस्कार.

तुझा,
केल्विन

ता.क. : तो बाजूचा तुकडा अजून रिकामाच आहे का? नुसती चौकशी. असलाच, तर एक छोटीशी वस्तू तिथे काही दिवस ठेवली तर चालेल का? चार खोल्या आणि व्हरांडा एवढीच आहे.

ता.ता.क. : एरलच्या आवारात दुसरं घर यायचंय, म्हणून त्याने आमचं बुधवारी पहाटे काढायचं ठरवलं. मी त्याला पत्ता म्हणून काहीतरी सांगायला हवं होतं, तोंडात तुझाच आला. नानँगो, किंगरॉय करत गुरुवारी पोचेल. निळ्या रंगाचं अर्धं घर स्वयंपाकघराच्या खिडकीपुढून गेलं तर घाबरू नकोस. मागून दुसरं अर्धं येतंय.

आणखी एक : आत्या, मी चुकलो. मला तेव्हा हसायला नको होतं. तू मला लहानाचा मोठा केलास आणि मी तुझ्या गावाची टिंगल करून टाळ्या घेतल्या. याची मला लाज वाटते, नऊ वर्षं वाटतेय. तू नाही म्हणालीस तर मला दुसरीकडे जायला जागा नाही. पण जागा असती तरी हे लिहायला हवं होतं.

---

ती. आत्यांना रॉझलिनचा नमस्कार.

पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडे दिलं, म्हणून मागच्या बाजूला चार ओळी लिहितेय. परवा फोनवर बोललो त्याप्रमाणे त्याला मी काहीच कळू दिलेलं नाही. तुमच्या बाजूच्या तुकड्यावर खांब रोवून झाले असं एरलने सांगितलं. तुम्ही उन्हात उभं राहून करवून घेतलंत, गुडघ्याची काळजी घ्या. पंचायतीचे कागद मी पूर्ण केलेत, शाळेच्या बसवरच्या ड्रायव्हरच्या नोकरीचं तुम्ही त्याच्यासाठी बोलून ठेवलंत त्याबद्दल काय म्हणू? तो फलक मी त्या शनिवारी फाटकातून शिरतानाच वाचला होता. त्याने तोंड उघडलं तेव्हा बाही ओढून त्याला गप्प करता आलं असतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी आम्हांला हसलं नाही, आणि आकडाही आमच्या खात्यात होता तेवढाच होता. शिवाय दर रविवारी तुमच्याशी बोलून बोलून मला तिकडे यायचंच होतं. हा आपणहून कधीच निघाला नसता.

तुमची एकच अट होती, त्याने माफी मागावी. मागितलीय, सगळ्यात शेवटी. गुरुवारी तो घराच्या मागोमाग येईल तेव्हा तोंडानेही मागेल. सकाळ-संध्याकाळ खोक्यांसमोर उभा राहून भाषण पाठ करतोय. एवढी तयारी केली आहे बिचाऱ्याने, तर लगेच हसून सगळं मोडू नका. निदान अर्धा तास तरी रागवा.