मांडवीतल्या लाल आकड्यांबद्दल

मांडवी, रत्नागिरी
२० मे

तीर्थरूप दादूकाकांना सखारामचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढायला डॉक्टरांनी बंदी घातल्याचं रितेशकडून कळलं (फोनवर नव्हे, फोन तो माझा उचलत नाही, घरच्या ग्रुपवर टाकलं होतं). इकडे आमची सानवी बारावी पास झाली, आंबा यंदा बरा आला आणि माझा रक्तदाब वाढला. पहिल्या दोन गोष्टींत माझा काही हात नाही. तिसरीला आख्खी रत्नागिरी जबाबदार आहे. तुमचं इथलं घर रितेश पाडून इमारत बांधायला एका बिल्डरला देणार, जूनमध्ये तुमची सही व्हायची, असंही ग्रुपवर वाचलं. त्याबद्दल या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. तो तुमचा बापलेकांचा मामला.

तर, निवृत्त झाल्यावर मी आणि मासूमाबाईंनी एक समिती काढली. मासूमाबाई म्हणजे तीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढलेल्या बाई. त्यांच्यासमोर भिंतसुद्धा वाकडी उभी राहायला घाबरते. स्वातंत्र्यानंतर गावात जी देखणी घरं बांधली गेली ती टिकावीत, एवढाच आमचा उद्देश. सिमेंटच्या जाळ्या, गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्या, मोझेकची जमीन, गजांत उगवता सूर्य बसवलेल्या खिडक्या. पण लोकांना सांगायला जावं तर म्हणतात, जपायचं तर किल्ला जपा, देऊळ जपा, हे घर तर आमच्या लग्नानंतरचं. एकाला मी विचारलं, तुमच्या लग्नालाही पन्नास वर्षं झाली, मग तेही मोडीत काढायचं का? त्याची बायको शेजारीच उभी होती, त्यामुळे पुढे चर्चा झाली नाही.

तीस घरांची यादी झाली. यादीतलं घर लांबून ओळखता यावं म्हणून फाटकाच्या खांबावर आकडा घालायचा, ही कल्पना माझी (मासूमाबाईंनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता, असं त्या आता रोज सांगतात). होडी रंगवून उरलेला तांबडा ऑइलपेंट घरात पडून होता. रविवारी भर उन्हात, पदरमोड करून, घामाच्या धारा पुसत आम्ही तीस आकडे रंगवले. घरमालकांना विचारायला हवं होतं हे मान्य, पण विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते.

आता काका, हायवेच्या रुंदीकरणात ज्या ज्या घरांवर लाल आकडे पडले ती सगळी जमीनदोस्त झाली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाच ते रंगवताना आठवलं नाही. मंगळवारी गनीभाईंच्या दारात टेम्पो उभा. कुवेतहून परतल्यावर त्यांनी हौसेने बसवून घेतलेली चांदण्यांची जाळी, आमच्या यादीतला नंबर सात, तुकडे करून टेम्पोत भरलेली! सरकारने फोडण्याआधी आपण काढलेली बरी, कोंबड्यांच्या खुराड्याला होईल, असा हिशेब. मी ओरडलो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि बुलडोझर कुठल्या तारखेला येतो ते विचारलं. आकडा घर राखण्यासाठी आहे, असं मी घसा फोडून सांगितलं, तर म्हणाले, "अरे सखाराम, राखायच्या वस्तूवर लाल नंबर कोण घालतो रे?" चहा तसाच ठेवून मी तणतणत घरी आलो.

बुधवारपर्यंत अकरा घरांची तोंडं विद्रूप झाली. जी घरं पन्नास पावसाळ्यांना पुरून उरली ती आमच्या डबाभर रंगाने उघडी पडली. दोघांनी आपला आकडा पुसून शेजाऱ्याच्या खांबावर घातला. नगरपरिषदेत विचारपूस करायला रांग लागली. तिथल्या साहेबांनी आमची काही माहिती नाही असं सांगितलं, त्यावरून तर लोकांची खात्रीच पटली. एक तेवढी गंगाकाकू आपणहून माझ्याकडे आली. तिचं घर साधं कौलारू, यादीत बसणं शक्य नाही. म्हणाली, "मेल्या, माझ्या पण घरावर मार की एक आकडा." आकडे पडलेल्या घरांचे मुंबईकर मुलगे रातोरात गावी आलेले तिने पाहिले होते. तिच्या मुलांनी तीन गणपती चुकवलेत. मी तिला एकतीस नंबर दिला. मासूमाबाई त्यावरून दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शनिवारी दोन्ही मुलगे हजर.

असो. लोकांना चाड नाही, एवढंच खरं. तब्येतीला जपा. घरी सर्वांना यथायोग्य.

तुमचा,
सखाराम

ता. क. नंबर एक तुमच्या घरावर आहे.

ता. क. २. बुधवारी मीही घाबरलो. भंगारातल्या बोटीच्या ज्या चार गोल पितळी खिडक्या तुम्ही स्वतः आणून बसवल्या होत्यात, त्या कोणी पळवू नयेत म्हणून मी उतरवल्या. सध्या त्या आमच्या कॉटखाली आहेत. परत बसवायला गेलो तर एकही बसेना. मिस्त्री म्हणतो, ज्याने बसवल्या त्यालाच बोलवा. भोकांवर प्लास्टिक बांधलंय, पण पाऊस पंधरा दिवसांवर आलाय.

ता. क. ३. म्हणून या. खिडक्यांचं मी रितेशला सांगू शकलो असतो, पण मला तुम्हीच हवे आहात. घर पडलं तर यादीतलं एक नाव कमी होईल, ते मी सोसेन. पण मग तुम्हाला रत्नागिरीला यायला कारणच उरणार नाही, आणि ते मला सोसणार नाही. काकू गेल्यापासून तुम्ही एकदाही आला नाहीत. जिना चढायचा नाही तर नका चढू, मी खालीच ओटीवर खुर्ची टाकतो. सही करायचीच असेल तर तिथे बसून करा. पेन मी देईन.