सुगतदादाने घेतलेलं पत्र

जुरोंग ईस्ट, सिंगापूर
११ मार्च २००७

प्रिय सुगतदादा,

सप्रेम जय भीम. तू, वहिनी आणि अदिती बरे असाल. माझी तब्येत चांगली आहे. परवा नागपूरहून आईचा फोन आला होता. गुडघा दुखतो, पण संध्याकाळी फिरायला जाते म्हणाली.

तू लिलावात घेतलेलं दीडशे वर्षांपूर्वीचं पत्र आमच्या प्रयोगशाळेत तपासून झालं. फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून लिहून कळवते.

कागद चिंध्यांच्या लगद्याचा आहे, लाकडाचे तंतू सापडले नाहीत. अतिनील प्रकाशात तो चमकत नाही, म्हणजे कागद पांढरा करणारी अलीकडची रसायनं त्यात नाहीत. शाई लोहयुक्त, तंतूंमध्ये उतरलेली. मजकूर कारकुनाच्या हातचा, सही वेगळ्या हाताची. त्या काळी असंच करत. पत्र खरं आहे असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरवण्यासारखं काही मिळालं नाही, इतकंच.

मजकूरही वाचला. दक्षिणेतून पळालेल्या एका गुलाम जोडप्याला उत्तरेतल्या एका शहराने लपवलं आणि त्यांना धरायला आलेल्यांना हुसकून लावलं. मालकाने तक्रार केली. त्यावर अमेरिकेचे अध्यक्ष त्याला फार सभ्य भाषेत कळवतात, की पळालेले गुलाम परत करण्याचा कायदा पाळला जाईल, गरज पडली तर फौज पाठवू, आणि आसरा देणाऱ्यांनाही शिक्षा होईल. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात हे पत्र मांडून तू त्या शहरातल्या लोकांबद्दल बोलणार आहेस. विषय चांगला आहे.

आता दुसरं.

जानेवारीत पत्र देताना तू म्हणालास, घाई नाही. यती तुमच्या घरचं काम टाकून निघून गेली, त्या आठवड्यापासून तुझी घाई सुरू झाली. दोनदा तू न सांगता आलास आणि दोन्ही वेळा हात धुवायला म्हणून आतल्या खोलीत डोकावलास. माझ्याकडे बेसिन स्वयंपाकघराला लागून आहे, तुला माहीत आहे. मग वहिनी पुंगोलहून एवढ्या लांब चकल्या घेऊन आल्या आणि दाराबाहेरच्या चपलांपाशी थांबल्या. "दीक्षा, तुझा नंबर सहा ना गं? मग या केवढ्याशा कुणाच्या?" मी म्हटलं, मैत्रिणीच्या. त्या हसल्या. मीही हसले.

तुमचा संशय मला कळतो. माझाही तुला कळावा.

तू पोलिसांत यती बेपत्ता असल्याचं कळवलंस आणि तिने आजीची सोन्याची बांगडी नेली असंही लिहून दिलंस. चकल्यांचा डबा पुढे केला तेव्हा ती बांगडी वहिनींच्या हातात होती. तिच्या जोडावरचा डाग मी ओळखते, तुटली तेव्हा सोनाराकडे मीच नेली होती. घरातच सापडली असेल, असं मी धरून चालले. म्हणून दुसऱ्या दिवशी तुला मुद्दाम विचारलं, बांगडीचं काही कळलं का. तू म्हणालास, "ती सापडली की बांगडी सापडेल."

यती का गेली, हे मात्र तू मला कधी विचारलं नाहीस.

माघ पौर्णिमेला तुमच्याकडे वंदना झाली. यती मुसलमान, तरी आपलं होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभी होती. नंतर चहाला मी खालच्या कप्प्यातला निळा कप काढला. वहिनी म्हणाल्या, "तो नको, तो तिचा." फिनेलच्या बाटलीशेजारी ठेवलेला असतो तो. मी तुझ्याकडे पाहिलं. तू पेपर उचललास. गावच्या हॉटेलात आपल्या बाबांचा कप कुठे ठेवलेला असायचा, ते तू दर जयंतीला सांगतोस. सांगताना तुझा आवाज भरून येतो, आणि तो खोटा नसतो. म्हणूनच मला समजत नाही.

त्या दिवशी निघताना मी यतीला माझा नंबर दिला.

हो, ती माझ्याकडेच होती. आता नाही. कुठे आहे ते विचारू नकोस आणि वहिनींना पुन्हा पाठवू नकोस. तिला इंडोनेशियात, जावा बेटावर आईकडे जायचं आहे. चोरीची तक्रार असेपर्यंत तिला जाता येणार नाही, उलट सापडली तर तुरुंगात जाईल. हे तुला तक्रार लिहिताना माहीत नव्हतं असं समजायची माझी तयारी आहे. आज माहीत झालं.

तक्रार मागे घे. बांगडी घरात सापडली एवढंच सांग, कोणी जास्त विचारणार नाही. बुधवारपर्यंत तू गेला नाहीस, तर गुरुवारी मी पोलीस ठाण्यात जाईन. जे पाहिलं तेवढंच सांगेन. त्यात वहिनींचं नाव येईल, आणि तिला आसरा दिला म्हणून माझंही. माझ्या इथल्या नोकरीच्या पासचं काय होईल याची चौकशी मी केली आहे. आईला काय सांगायचं ते आपण नंतर ठरवू.

ठाण्यात तक्रारदाराशी नातं विचारतील. तिथेही हेच लिहावं लागेल.

तुझी सख्खी बहीण,
दीक्षा