चोवीस पिस्तुलांची तपासणी

६ नोव्हेंबर, डोंबिवली
सकाळी नितीन आला. चहाच्या आधीच माझ्या या भाच्याने पिशवीतून तीन पिस्तुलं काढून टेबलावर मांडली. खेळातली, स्प्रिंगवर चालणारी, प्लॅस्टिकचे छर्रे मारणारी. तरी ह्यांनी उठून आधी खिडकीचा पडदा ओढला.
शीळफाट्याजवळ गोडाऊन भाड्याने घेतलंय त्याने. आत माती टाकून मैदान, पत्र्याचे आडोसे. दोन टीम करायच्या आणि एकमेकांवर छर्रे मारायचे. ७ डिसेंबरला सुरू. स्वस्तातलं एक मॉडेल निवडून चोवीस नग घ्यायचेत. "मावशी, सव्वीस वर्षं कोलशेतला इन्स्पेक्शनमध्ये काढलीस. तूच सांग कुठलं घेऊ."
कंपनी बंद पडल्यापासून मोजमापाचं वर्निअर कपाटातच आहे. आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

८ नोव्हें.
नावं ठेवली: पिवळं, काळं, चंदेरी. पिवळं लांबूनही खेळणंच दिसतं. काळं हलकं, दोन भागांचा जोड उघड दिसतो. चंदेरी जड, थंडगार. हातात घेतलं की पाठ आपोआप ताठ होते. माझीही झाली. नितीनचा जीव त्याच्यावर.
दुपारी चंदेरीच्या मुठीचे स्क्रू काढले. आत लोखंडाची पट्टी. कशालाच जोडलेली नाही, नुसती वजनाला.

११ नोव्हें.
छर्रे मोजले, पन्नास-पन्नास. स्वस्त पाकिटातले काही गोल, काही बोरासारखे. जोडाची रेघ नखाला लागते. बऱ्या पाकिटातले सगळे सारखे. काळ्यातून दोन्ही मारून पाहिले, पुठ्ठ्यावर. स्वस्तातले गॅलरीभर, बरे वाले बशीएवढ्या जागेत. नितीनला फोन केला, पिस्तूल स्वस्त चालेल, छर्रे नको. ह्यांना अजून सोफ्याखाली छर्रे सापडतायत.

१४ नोव्हें.
गोडाऊनला गेलेले. जुन्या कॅलेंडरची पानं गठ्ठ्याने बांधून दहा पावलांवरून मारलं. किती पानं फुटतात ते मोजायचं. काळं: नऊ, दहा, नऊ, नऊ. चंदेरी: सात, चौदा, नऊ, सोळा. पिवळ्याचा चाप विसाव्या बारालाच तुटला.
नितीनने फक्त सोळा ऐकलं. "बघ, किती पॉवरफुल आहे."
म्हटलं, "अरे, सोळा वाईट नाही. सात आणि सोळा एकाच पिस्तुलातून, ते वाईट."
स्वस्त असण्यात कमीपणा नाही. काळं स्वस्त आहे आणि तसंच दिसतं, जेवढं सांगतं तेवढं करतं.

१५ नोव्हें.
परत गेलेले. माती अजून पडलेली नाही, खाली नुसती फरशी. सेफ्टी लावून चंदेरी टेबलाच्या उंचीवरून खाली सोडलं, दहा वेळा. तीनदा आपोआप सुटलं. काळं एकदाही नाही.
नितीन म्हणाला, "सगळे गॉगल लावूनच खेळणार ना, मावशी."
मैदानात लावतील. बाहेर बाकावर बसून घाम पुसताना?

१९ नोव्हें.
काळं परत घरी आणत होते. शेअर रिक्षात पर्समधून रुमाल काढताना ते अर्धं बाहेर आलं. शेजारची बाई, माझ्याच वयाची, भाजीची पिशवी मांडीवर. अंग चोरून इतकी सरकली की बाहेर पडेल असं वाटलं. मी म्हटलं, "खेळण्यातलं आहे हो." तिने मान हलवली आणि पुढच्याच नाक्यावर उतरली. तिचं घर तिथे नसणार.
माझ्या तक्त्यात एक रकाना होता, 'खऱ्यासारखं दिसतं का'. त्यात जास्त मार्क म्हणजे जास्त चांगलं, असं मीच धरलेलं. घरी येऊन रकाना खोडला. नितीनला सांगितलं, टोकाला भगवा रंग मारायचा आणि मैदानाच्या बाहेर एकही न्यायचं नाही. हे मात्र त्याने लगेच मानलं.

२३ नोव्हें., रविवार
ताईकडून कळलं. नितीनने चंदेरीच मागवलीत, चोवीसच्या चोवीस. मला न सांगता. व्हिडिओ टाकलेला चंदेरी हातात घेऊन, त्यावरच बुकिंग आलंय.
फोन केला. तो म्हणाला, "काळं हातात दिलं तर लोक हसतील गं. ते वजनासाठी येतात."
खरं आहे ते. माझीही पाठ ताठ झालेली. म्हटलं, आले की प्रत्येक नग मला दाखव.
"दाखवतो. पण तू कंपनीसारखं करू नकोस."

२४ नोव्हें.
कंपनीत मला रिजेक्टबाई म्हणायचे. एकदा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा अख्खा लॉट अडवला. ऑर्डर गेली, दिवाळीच्या तोंडावर ओव्हरटाइम बंद झाला. महिनाभर कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. लॉट भंगारात गेला. तो खरंच वाईट होता का, कधीच कळलं नाही. पास केलेलं चुकलं तर कळतं. नापास केलेलं चुकलं तर कळायला काही मार्गच नाही.

१ डिसेंबर
चोवीस नग घरी आले. प्रत्येक नग सेफ्टी लावून दहा वेळा फरशीवर टाकायचा, एकदा जरी सुटला तरी नापास. दोन दिवस लागतील. पहिले दहा आज: चार पास.

२ डिसें.
एकूण नऊ पास, पंधरा नापास. नापासांना मुठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला.
नितीनने बोर्ड करून आणलेला, 'सर्व साहित्य तज्ज्ञांकडून तपासलेले'. खाली माझं नाव हवं होतं. नाही म्हटलं. तो भांडला नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं. बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि म्हणाला, "नोकरी सोडलीय मी, मावशी. हे तुला माहितीये ना?"
माहीत नव्हतं. ताईलाही नसणार.

४ डिसें.
हे म्हणाले, "अगं, पोराचा धंदा आहे, जरा सैल धर." मग थोड्या वेळाने, स्वतःच, "पण डोळ्याचं काम आहे."

६ डिसें.
दुपारी नितीनचा फोन. उद्या पहिल्या बॅचला बावीस जण. पास झालेले नऊ, दुकानातून जास्तीत जास्त सहा काळी मिळतील. म्हणाला, "तू टेबलावरून फरशीवर टाकलीस. माझ्याकडे खाली माती आहे. मातीवर टाकून बघ ना एकदा."
मुद्दा बरोबर आहे. कंपनीत हे कुणी विचारलं असतं तर मी ऐकलं असतं. गेले.
पहिलं लाल ठिपक्याचं घेतलं. सेफ्टी लावली, दोघांनीही गॉगल लावले, हात कमरेइतका धरला आणि सोडलं. नितीन मोठ्याने मोजत होता. दहा वेळा पडलं, एकदाही सुटलं नाही. त्याचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच भीती वाटली.
"झालं ना?" तो म्हणाला.
पिस्तूल उचललं, माती पुसली, सेफ्टी परत लावली.
"अजून दहा," म्हटलं. "मोज."