रिकामी पेटी घरात घेऊ नये

आई, तुझा आवाज माझ्याकडे होता, तो माझ्या हातून गेला. हे आधीच सांगून टाकते, कारण मी बोलायला लागले की कुठल्या कुठे जाते आणि मुद्दा राहून जातो, हे तूच म्हणायचीस. तुला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. चौथीपर्यंतची शाळा माझी, लिहिताना हात दुखतो. पण आज फोनवर बोलण्यासारखं हे कुणाशीच नाही, म्हणून दूधवाल्याच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे.

तुला आधी पेटीचं सांगायला हवं. तुझा नातू, जो तू पाहिला नाहीस, तो बंगळुरात असतो. बायको, आठ वर्षांची मुलगी, सगळं छान. मुलगी माझ्यासारखीच बडबडी आहे, देवाची कृपा. तर त्याने मागवून मला इथे बडोद्याला एक पेटी पाठवली. चपलांच्या खोक्यापेक्षा लहान, काळी, पुढे दोन खण, आपल्या देवघराच्या खालचे असतात तसे ओढायचे. त्या खणांत डिस्क बसवायच्या. डिस्क म्हणजे जाड पुस्तकाएवढा लोखंडी तुकडा, हातात घेतला तर वजन लागतं. घरातले सगळे फोटो, गाणी, कागद त्यात राहतात, आणि तिकडे नात नाचली की इकडे माझ्या टीव्हीवर दिसते. मला फार आनंद झाला गं. मुलगा म्हणाला, "आई, तार तू लावायची, डिस्क तू बसवायच्या, बाकीचं मी सांगेन तसं." मला म्हणाला हे! मला, जिला गिझरचं बटण दाबतानासुद्धा हे म्हणायचे, थांब, हात कोरडे आहेत का बघू. हे असते तर मला पेटीला हात लावू दिला नसता. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.

पेटी आली त्या दिवशी मी तिला हळदकुंकू लावलं. मुलगा फोनमध्ये ओरडतोय, "आई, भोकांत कुंकू जाऊ देऊ नकोस!" मी म्हटलं, "तुझ्या स्कूटरच्या इंजिनावर लावलं होतं, ती चौदा वर्षं चालली." तो हसला. मग तार वायफायच्या डब्यात खोचायची होती, ती मी एका झटक्यात खोचली, टक्क करून बसली. मुलगा म्हणाला, "वा, आई, तुला नोकरीच देतो." मी दिवसभर शेजारच्या बेनला सांगत फिरले. बेन म्हणाली, "तमे तो एन्जिनियर थई गया." मी इंजिनियर झाले म्हणे, आणखी काय हवं माणसाला.

आता माझी चूक. पेटीबरोबर दोन नव्या कोऱ्या डिस्क आल्या होत्या. आणि माझ्या कपाटात, साड्यांखाली, स्टीलच्या डब्यात एक जुनी होती. यांचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा दुरुस्तीवाल्याने ती आतून काढून माझ्या हातात दिली होती. म्हणाला होता, "माजी, आमां बधुं छे, साचवजो." यात सगळं आहे, सांभाळा, म्हणून मी सांभाळली. डांबराच्या गोळ्यासुद्धा ठेवल्या, मग मुलाने सांगितलं की लोखंडाला कसर लागत नाही, तेव्हा काढल्या. त्या डिस्कमध्ये तू होतीस. मुलगा म्हणाला होता, "जुनी तशीच राहू दे, दिवाळीला आलो की त्यातलं नव्या पेटीत घेऊ." मी हो म्हटलं होतं. पण डिस्क बसवायला बसले आणि नवी पेटी समोर, दोन्ही खण मोकळे, नव्या डिस्कही मोकळ्या. मला चैन पडेना. नवी घागर आणली तर तूही आधी मूठभर तांदूळ टाकून मग उंबरा ओलांडायचीस. नवा डबा, नवा माठ, नवी पर्स, सगळ्याला तेच. आणि ही एवढी महागाची पेटी मी मोकळी सुरू करू? म्हणून एका खणात नवी बसवली आणि दुसऱ्यात जुनी, भरलेली. दिसायला दोन्ही सारख्याच, वर चिकटवलेला कागद तेवढा वेगळा. उरलेली नवी देवापुढे ठेवली. मुलाला सांगितलं नाही. दिवाळीला येईल तेव्हा म्हणेन, बघ, तुझ्या आजीला मी आधीच आत नेऊन बसवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोनवर आला. माझ्या फोनचा पडदा त्याला तिकडे दिसत होता, तो सांगेल तिथे मी बोट ठेवायचं. "दोन्ही खण भरलेत ना आई?" भरलेत, म्हटलं. खोटं कुठे होतं ते. मग एक पान आलं, त्यावर लाल अक्षरं, इंग्रजीत. मी विचारलं, "हे लाल काय रे?" तो म्हणाला, "ते दरवेळी येतं. डिस्क नव्या आहेत, घाबरायचं काही नाही. हो म्हण." माझ्या अगदी ओठावर आलं होतं, अरे, एक नवी नाही. पण मग दिवाळीची गंमत गेली असती. मी गिळलं आणि बोट ठेवलं. तो म्हणाला, आता दोन्ही डिस्क सारख्या होतील, एक बिघडली तर दुसरी आहे, चार-पाच तास लागतील, तू तुझी कामं कर.

कामं कसली! मी पेटीसमोर स्टूल ठेवून बसले. दोन दिवे, हिरवे, लुकलुक लुकलुक. आतून कुरकुर आवाज येत होता, बारीक, मुंग्यांची रांग धान्य नेते आहे असा. मला वाटलं, तुझं सामान नव्या घरात लागतंय. मी तिथेच बसून मेथी निवडली, भात खाल्ला, दिव्यांशी बोलले. पाच तास, आई. पाच तास मी आनंदाने बघत बसले होते आणि आत तू पुसली जात होतीस.

कळलं ते तिसऱ्या दिवशी. मुलगा चिडून फोनवर, "आई, दुकानदाराने गंडवलं आपल्याला. एक डिस्क छोटी दाखवतेय. बाहेर काढून फोटो पाठव, बघतोच त्याला." परक्या माणसावर आळ येतोय म्हटल्यावर मला सांगावंच लागलं. सांगितलं. तो हळूच म्हणाला, "आई, त्या लाल अक्षरांत लिहिलं होतं की आधीचं सगळं पुसलं जाईल. मी तुला हो म्हणायला सांगितलं. त्यात काय होतं?" त्याचा तो आवाज ऐकला आणि मला खरं सांगवेना. मी म्हटलं, "काही नाही रे, बाबांचे विम्याचे जुने कागद. संपले ते विमे." "नक्की?" "नक्की." त्याने एवढा मोठा श्वास सोडला. आजीचा आवाज कुठेतरी आहे हे त्याला माहीत होतं का, नव्हतं का, मी विचारलं नाही.

मग मी एकटी रिक्षा करून अलकापुरीत गेले. जुन्या डिस्कमधलं काढून देणारा एक माणूस तिथे बसतो, बेनने पत्ता दिला होता. पदरात बांधून नेली डिस्क. त्याने यंत्राला लावली, बराच वेळ बघितलं, मला पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मी समजले. म्हणाला, "माजी, नुसतं पुसलं असतं तर काढलं असतं. पण दुसरी डिस्क कोरी होती ना, तिचं कोरेपण याच्यावर लिहिलं गेलंय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नीचे कशुं रह्युं नथी." मी विचारलं, काहीच उरलं नाही? थोडंसुद्धा? एखादा शब्द? त्याने यंत्राची तार काढून घेतली.

तू म्हणशील, एवढं काय होतं त्यात. तुला तर ठाऊकच नाही की ते भरून घेतलं होतं. आठवतं का, लग्नाला दीड वर्ष झालं होतं, मी दिवसांत होते, पाचवा महिना. माझ्या सासरहून, पादऱ्याहून, आम्ही दोघं एसटीने तुझ्याकडे आलो. यांनी नवा टेपरेकॉर्डर घेतला होता, जिथे जातील तिथे काखोटीला. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर, ओट्यावर जागा नाही म्हणून यांनी तो फळीवर हळदीच्या बरणीशेजारी ठेवला आणि न सांगता बटण दाबलं. तू स्टोला पंप मारते आहेस. बाहेर वर्कशॉपचा दुपारचा भोंगा होतो. मी पिशवीतून तुझा पितळी डबा काढून देते, तू चकल्या घालून पाठवला होतास तो. तू झाकण उघडतेस. बांगड्या वाजतात. मग तू म्हणतेस, "रिकामा?" आणि मग, "बये, नवं असो, जुनं असो, रिकामं भांडं उंबऱ्याच्या आत आणू नये. चार दाणे तरी टाकावेत. तुझ्या सासूच्या घरात चार दाणे नव्हते?" पुढे नुसता स्टोचा आवाज. मग तुझंच, "जावईबापू, हे काय गरगर फिरतंय?" आणि खट्ट. एवढंच. चार महिन्यांनी तू गेलीस, बाळाचं तोंड न बघता. दुसरा तुझा आवाज कुठेच नाही. ज्या वाक्याने मी ती जुनी डिस्क खणात सरकवली, तेच वाक्य त्या डिस्कमध्ये होतं. देवाला काय म्हणू मी.

यांनी रिटायर झाल्यावर ती कॅसेट दुकानातून कॉम्प्युटरात भरून घेतली होती. बरं केलं, कारण घर बदललं तेव्हा कॅसेटला बुरशी आलेली, फीत तुटलेली, टाकूनच दिली. यांनी मला मोठ्या हौसेने खुर्चीवर बसवलं आणि लावलं. मी भोंग्यापर्यंत ऐकलं आणि म्हटलं, बंद करा. यांना वाटलं मला रडू येतंय. त्यानंतर त्यांनी दोनदा विचारलं, लावू का, मी नको म्हटलं. एवढी वर्षं मी तुला सांभाळलं, साड्यांखाली, डांबराच्या गोळ्यांत, आणि एकदासुद्धा पुरतं ऐकलं नाही. वाटायचं, आहे की, कुठे जातेय. आता शब्द सगळे पाठ आहेत, पण आवाज येत नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणून बघते, "बये, रिकामं भांडं," जाड काढते, बारीक काढते. माझाच येतो. काल नात टीव्हीवर दिसली, नवा नाच दाखवला, पेटी झकास चालते आहे, मी टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, "आजी, तुझा चेहरा असा का?" मी म्हटलं, चष्मा बदललाय.

हे पत्र कुठे पाठवू. प्रतापनगरच्या त्या क्वार्टरमध्ये आता दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत असतात. ज्या स्टीलच्या डब्यात डिस्क असायची तो रिकामा पडलाय, त्यात घालून ठेवते, साड्यांखाली. मुलाला सापडेल तेव्हा सापडेल, तोवर मी नसेन.

एक सांगायचं राहिलं, आणि मी ती टेप का ऐकू शकले नाही तेही त्यातच आहे. तू विचारलंस, सासूच्या घरात चार दाणे नव्हते का, आणि पुढे नुसता स्टो वाजतो, तिथे मी गप्प उभी आहे. सासूबाईंना तू जाईपर्यंत कंजूष म्हणत राहिलीस आणि मी म्हणू दिलं. डबा रिकामा नव्हता गं, आई. त्यांनी पहाटे उठून सात बेसनाचे लाडू वळले होते, विहिणबाईंना द्या म्हणून. पादऱ्यापासून एसटीत मी खिडकीकडे तोंड करून एकेक करत सातही खाल्ले. फार भूक लागली होती. पोटात हाच होता, आत्ता बंगळुरात आहे तो.